दहाने भागायचं

साडेतीन इंची फ्लॉपीवर १४,७४,५६० बाइट मावतात. दोन बाजू, दर बाजूला ८० ट्रॅक, दर ट्रॅकवर १८ सेक्टर, दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार कुणीही करून पाहावा. १९९० नंतरच्या दशकात पुण्यात डीटीपी करणाऱ्या आम्हा लोकांचं हे माप होतं. शेतकरी पायलीत बोलतो तसे आम्ही फ्लॉपीत बोलत असू. दिवाळी अंकाचा मजकूर एक तृतीयांश फ्लॉपी, रंगीत मुखपृष्ठ चोवीस फ्लॉप्या. आणि काम मुंबईला पाठवायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच असे: फोनने की गाडीने?

या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देता येत नसे, हिशोब करावा लागे. अडचण अशी की प्रत्येक वस्तू आपला वेग वेगळ्या भाषेत सांगायची. मोडेमच्या खोक्यावर दर सेकंदाचे बिट. हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात मेगाबिट किंवा किलोबाइट, जे मोठं दिसेल ते. सीडी ड्राइव्हवर नुसतंच ‘दोन एक्स’, ‘चार एक्स’. टेलिफोन खातं पल्समध्ये मोजणार आणि रेल्वे तासांमध्ये. हे सगळं एका मापात आणल्याशिवाय कामाचा दिवस आखता येत नसे, आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या दुकानात ते माप होतं ‘एका फ्लॉपीला किती मिनिटं’. भिंतीवर तसा तक्ता होता. माझ्या हातचा होता आणि दर नव्या यंत्राबरोबर त्यात एक ओळ वाढत गेली.

तक्ता करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली म्हणजे ‘१.४४ एमबी’ हे लेबल. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ मशीनबरोबर या फ्लॉप्या रूढ केल्या. त्यातला किलो १०२४ चा, पण किलोचा मेगा करताना भाग दिला १००० ने. १४४० गुणिले १०२४, म्हणजे आपले १४,७४,५६०. दशमान पद्धतीने ते १.४७ होतात, दुप्पटीच्या पद्धतीने १.४१. दोन्हींत १.४४ कुठेच नाही. डॉसने फॉरमॅट केल्यावर त्यातले ३३ सेक्टर यादीसाठी जातात आणि आपल्या हातात १४,५७,६६४ उरतात. मोडेमचा किलो मात्र कायम साधा हजाराचा. म्हणून तक्त्यात मी किलो आणि मेगा येऊच दिले नाहीत. सगळीकडे पूर्ण आकडे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाइटमध्ये आठ बिट असतात हे शाळकरी मुलालाही माहीत, पण मोडेमच्या वेगाला आठाने भागायचं नाही, दहाने भागायचं. मोडेम कॉम्प्युटरशी सीरियल पोर्टवरून बोलतो, आणि त्या बोलण्यात दोन्ही बाजूंना घड्याळ सामाईक नसतं. म्हणून प्रत्येक अक्षराआधी ‘आता सुरू’ सांगणारा एक बिट आणि नंतर ‘संपलं’ सांगणारा एक बिट. आठाचे झाले दहा. ही रीत मोडेमच्याही आधीची आहे, टेलिप्रिंटरची. टेलेक्सच्या ५० बॉडच्या तारेवर पाच बिटांचं अक्षर, एक सुरुवातीचा आणि दीड शेवटचा, मिळून साडेसात बिट जात, म्हणजे मिनिटाला बरोबर ४०० अक्षरं. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातमी ज्या गतीने खडखडत कागदावर उतरायची ती गती ही.

दहाने भागलं की हिशोब तोंडी होतात. २४०० चा मोडेम म्हणजे सेकंदाला २४० बाइट, म्हणजे एका फ्लॉपीला ६,१४४ सेकंद: एक तास, बेचाळीस मिनिटं, चोवीस सेकंद. ९६०० चा असेल तर पंचवीस मिनिटं छत्तीस सेकंद. १४,४०० चा आला तेव्हा उत्तर बरोबर १०२४ सेकंद निघालं, सतरा मिनिटं चार सेकंद, आणि २८,८०० ला त्याचं निम्मं, ५१२ सेकंद. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९६२ मध्ये बेल १०३ हा ३०० बिटांचा मोडेम बाजारात आणला. तेव्हा फ्लॉपी जन्मालाही आली नव्हती. पण असती, तर तिला त्याच्यावरून जायला तेरा तास एकोणचाळीस मिनिटं लागली असती.

फ्लॉपी ड्राइव्हचा वेगही मी याच मापात लिहिला होता, आणि तो पाहून नव्याने कामाला लागलेली मुलं चकित होत. ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, सेकंदाला पाच. एका फेऱ्यात एक ट्रॅक, ९,२१६ बाइट. म्हणजे सेकंदाला ४६,०८० बाइट आणि अख्खी फ्लॉपी बत्तीस सेकंदांत. डोकं एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकण्यात वेळ जातो, त्यामुळे प्रत्यक्षात मिनिटभर धरावं. ज्या कुरकुरणाऱ्या ड्राइव्हला आम्ही सगळ्यांत संथ यंत्र समजत होतो, तो २४०० च्या मोडेमपेक्षा १९२ पट वेगवान होता. हार्ड डिस्कचं तर बोलायलाच नको. जुन्या एमएफएम डिस्कच्या केबलवरून सेकंदाला ५० लाख बिट धावत. ट्रॅकवर १७ सेक्टर आणि सेकंदाला ६० फेरे, म्हणजे एकामागून एक सेक्टर वाचता आले तर ५,२२,२४० बाइट. पण आयबीएमच्या एक्सटी मशीनला तेवढा दम नव्हता. एक सेक्टर वाचून तो पचवेपर्यंत पुढचे निघून जात, म्हणून सेक्टरांचे क्रमांक सहा-सहाच्या अंतराने मांडलेले असत आणि वेग एक षष्ठांश होई. डिस्क विकत घेताना हा तपशील विचारणारं गिऱ्हाईक विरळा. मला वाटतं, माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा तोच आधी विचारायला हवा होता.

आता गाडी.

डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून पुणे-मुंबई धावते आहे. अंतर १९२ किलोमीटर. सकाळी सव्वासातला पुण्याहून निघून ती साडेदहाच्या सुमाराला व्हीटीला पोचायची. आमचं पाकीट पेठेतून स्टेशनवर न्यायचं, पासवाल्यांपैकी ओळखीच्या माणसाकडे द्यायचं, आणि मुंबईत ते छापखान्याच्या माणसाने घेऊन लोअर परळला पोचवायचं. दारापासून दारापर्यंत पाच तास धरले की हिशोब सुरक्षित असे. पाच तास म्हणजे १८,००० सेकंद. गाडी चुकलीच तर दादरची एशियाड बस होती. तिला घाटात वेळ लागे, पण तक्त्यात मी तिलाही पाचच तास दिले होते, कारण दादरहून परळ जवळ.

एक फ्लॉपी पाच तासांत पोचली, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८२ बाइट, मोडेमच्या भाषेत ८१९ बिट. यापेक्षा २४०० चा मोडेम तिप्पट चांगला. पण दहा फ्लॉप्यांचं खोकं दिलं तरी गाडी तेवढाच वेळ घेते. खोक्याचा वेग ८,१९२ बिट. मोडेमचा वेग मालावर अवलंबून नाही, गाडीचा आहे. तिच्यात जितकं भराल तितकी ती वेगवान. म्हणजे प्रत्येक मोडेमसाठी एक सीमा काढता येते, जिथे गाडी त्याला मागे टाकते. २४०० च्या मोडेमवर पाच तासांत तीन फ्लॉप्यासुद्धा पुऱ्या होत नाहीत, तेव्हा तिसरी आली की गाडी. ९६०० वर अकरापर्यंत फोन, बारावीला गाडी. १४,४०० वर सतरापर्यंत फोन. तक्त्याचा सगळ्यांत जास्त वापरला गेलेला भाग हाच.

अर्थात पाच तास एसटीडी लावून ठेवणं कुणाला परवडत नसे. रात्री अकरानंतर दर पाव होई, म्हणून मोडेमचं काम रात्रीचं. पलीकडे मुंबईतही कुणीतरी मशीन चालू ठेवून जागं असायचं. ०२२ फिरवल्यावर दोन मोडेम एकमेकांना शिट्ट्या घालून वेग ठरवत. तो आवाज ऐकून वेग किती जुळणार हे मला ओळखता येऊ लागलं होतं. शेवटची खरखर लांबली की लाइन खराब आहे हे समजायचं. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरे, ९६०० वर जुळणारी जोडी ४८०० वर उतरे, आणि तक्त्यातली मिनिटं दुप्पट होत.

लाइनच्या खरखरीत मजकूर बिघडला तर काय, याची तरतूद शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सनने १९७७ मध्येच केली होती. त्याची एक्समोडेम ही पद्धत फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याला बेरजेची खूण जोडते, आणि पलीकडून ‘पोचला’ असं उत्तर आल्याशिवाय पुढचा तुकडा सोडत नाही. विश्वासू पण संथ, कारण प्रत्येक उत्तराची वाट पाहण्यात लाइन रिकामी जाते. १९८६ मध्ये चक फोर्सबर्गने झेडमोडेम लिहिलं. ते तुकडे सलग सोडत राहतं, चूक झाली तर चुकलेल्या जागेपासून परत पाठवतं, आणि फोन तुटला तर दुसऱ्या वेळी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करतं. रात्री दोन वाजता नव्वद टक्क्यांवर लाइन गेलेल्या माणसालाच त्या शेवटच्या सोयीची किंमत कळेल. पुढे व्ही.४२ आलं. त्यात मोडेम चुका स्वतःच दुरुस्त करू लागले आणि सुरुवातीचे-शेवटचे बिट तारेवर घालेनासे झाले. त्यामुळे दहाने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच जाऊ लागलं. मी तक्ता बदलला नाही. छापखान्याला दिलेली वेळ चुकण्यापेक्षा आपला आकडा थोडा कमी असलेला बरा.

या हिशोबाचा खरा कस दिवाळी अंकाच्या दिवसांत लागे. दोनशे पानांचा अंक घ्या. पानाला अडीच हजार बाइट धरले तर सगळ्या कथा, कविता आणि लेख मिळून पाच लाख बाइट. २४०० च्या मोडेमवरून पस्तीस मिनिटं, आणि पीकेझिपने आवळून पाठवला तर त्याच्या निम्म्याहून कमी. आता त्याच अंकाचं मुखपृष्ठ. ए-४ आकार, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे आडवे २,४८० आणि उभे ३,५०८. प्रत्येक ठिपक्याला चार शायांचे चार बाइट. एकूण ३,४७,९९,३६० बाइट. २४०० वर चाळीस तासांहून जास्त, ९६०० वर दहा तास. एका चित्राला अख्ख्या अंकाच्या मजकुराच्या जवळजवळ सत्तरपट वेळ! म्हणून मजकूर फोनने जायचा आणि मुखपृष्ठ गाडीने. आधी चोवीस फ्लॉप्यांवर, एआरजेने तुकडे पाडून, आणि त्यातली एक जरी मुंबईत वाचता आली नाही तर सगळं फुकट. नंतर ४४ एमबीच्या सायक्वेस्ट काडतुसावर, ज्यात एक मुखपृष्ठ बरोबर बसे. पुढची कित्येक वर्षं मराठी अंक असे दोन वाटांनी छापखान्यात पोचत होते. अक्षरं रात्री तारेतून आणि रंग सकाळी रुळांवरून. अंक चाळणाऱ्या कुणाला याची कल्पना नव्हती.

मजकूर इतका हलका असायचं एक कारण आपल्या लिपीच्या साठवणीत होतं. तेव्हा देवनागरीसाठी इस्की हे प्रमाण होतं. भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ मध्ये मान्य केलं. सी-डॅकची जिस्ट ही प्रणाली त्यावर चालायची. त्यात प्रत्येक वर्णाला, मात्रेला, अनुस्वाराला एकेक बाइट. आज युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याच प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि तो पाच लाखांचा अंक जवळजवळ अख्खी फ्लॉपी भरून टाकेल. २४०० वर पस्तीस मिनिटांचं काम दीड तासाच्या घरात गेलं असतं. त्या तारेवर इस्कीने आमचे पुष्कळ पैसे वाचवले. उलट त्रासही होता. पेजमेकरमध्ये वापरायचे फॉन्ट प्रत्येक कंपनीचे निराळे, त्यांचे क्रमांक निराळे, आणि इकडून गेलेला ‘श’ तिकडे भलतंच काही होऊन उमटे. म्हणून मजकूर इस्कीत पाठवायचा, तिकडे पुन्हा त्यांच्या फॉन्टमध्ये बदलायचा आणि प्रूफ नव्याने वाचायचं. वेगाच्या तक्त्यात प्रूफवाचनाचा वेळ मी कधी धरला नव्हता, कारण तो दोन्ही वाटांना सारखाच लागे.

एक गोष्ट दुरुस्तीवाल्यांकडून समजली आणि ती फार उपयोगी पडली. चांगला मोडेम आणला तरी वेग मिळत नाही, असं अनेक दुकानांत होई. दोष मोडेमचा नसे. सीरियल पोर्टमागची जुनी ८२५० ही चिप एका वेळी एकच अक्षर हातात धरू शकते. विंडोज दुसऱ्या कामात गुंतलं आणि तेवढ्यात पुढचं अक्षर आलं की आधीचं गेलंच. १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरांची जागा असते. ती बसवली की १४,४०० चा मोडेम खरोखर १४,४०० चा होई. काही रुपयांची चिप होती ती.

आपल्या धंद्याबाहेर देशात काय चाललं होतं याची तुलना मी पुढे केली. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत श्रीनिवासन रमणी यांच्या पुढाकाराने अर्नेट या शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणाऱ्या जाळ्याचं काम उभं राहिलं होतं. १९८७ पासून यूयूसीपी पद्धतीची ई-मेल सुरू झाली, १९९१ च्या जानेवारीपासून दिल्ली, मुंबई, मद्रास, बंगलोर ही केंद्रं ९,६०० बिटांच्या भाड्याच्या तारांनी जोडली जाऊ लागली. १९९२ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४,००० बिटांची वाट झाली. या तारांवर दोन्ही टोकांचं घड्याळ एकच असतं, म्हणून तिथे आठाने भागायचं: सेकंदाला ८,००० बाइट, एका फ्लॉपीला तीन मिनिटं चार सेकंद. सगळ्या आयआयटी, बंगलोरची विज्ञान संस्था आणि सरकारी प्रयोगशाळा यांची परदेशी ई-मेल या एका वाटेने जात होती. डेक्कन क्वीनमधल्या आमच्या पाकिटात ९८ फ्लॉप्या भरल्या असत्या तर ते या वाटेच्या पुढे गेलं असतं. अर्थात गाडी व्हर्जिनियाला जात नव्हती.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. आम्ही आधी मुंबईचाच नंबर लावत असू. तिथून पुढचा वेगाचा टप्पा ५६,००० चा, १९९८ च्या व्ही.९० प्रमाणाचा. तोपर्यंतचे मोडेम आवाजाचे सूर बनवून बोलत आणि त्या रीतीने ३३,६०० च्या वर जाणं जवळजवळ अशक्य होतं. नव्या रीतीत सेवा देणाऱ्याकडून एक्स्चेंजपर्यंतचा मार्ग पूर्ण डिजिटल असेल तर खाली येणारा वेग वाढे. वर जाणारा ३३,६०० वरच राहिला. आमच्यासारख्या फाइल पाठवणाऱ्यांना म्हणून त्याचा काहीही उपयोग नव्हता, हे विक्रेते सांगत नसत. खाली घेतानाही चाळीस-पंचेचाळीस हजार मिळाले तर आनंद. त्याच सुमाराला दुकानात झिप ड्राइव्ह आला होता. झिप डिस्कवर १०,०६,६३,२९६ बाइट बसत. पाच तासांनी भागा, दहाने गुणा: ५५,९२४ बिट. एक झिप डिस्क घेऊन पुण्याहून मुंबईला गेलेला माणूस म्हणजे बरोबर ५६,००० चा मोडेम, आणि तोही पूर्ण वेगाने, दोन्ही दिशांना. हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता. पुढे सीडी लिहिता येऊ लागली. ६५० एमबीच्या एका सीडीने गाडीचा वेग तीन-पावणेचार लाख बिटांवर नेला आणि आयएसडीएनची १,२८,००० ची महागडी लाइन घ्यायचा विचार आम्ही सोडून दिला. तक्त्यात सीडीला एक वेगळा रकाना द्यावा लागला, कारण दुप्पट वेगाच्या रायटरवर ती लिहायलाच सदतीस मिनिटं जात.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मोटारीने दारापासून दारापर्यंत चार तास झाले आणि गाडीच्या सगळ्या ओळी एका दिवसात सव्वापट झाल्या. सिमेंटच्या रस्त्याने डेटाचा वेग वाढतो हे मी मुलांना त्या तक्त्यावरूनच दाखवलं होतं.

मग २००५ च्या सुरुवातीला बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, २,५६,००० बिटांचं. सेकंदाला ३२,००० बाइट, एका फ्लॉपीला शेहेचाळीस सेकंद. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घालून वाचायला लागे त्याहून कमी वेळ. मुखपृष्ठ अठरा मिनिटांत उतरू लागलं. वर पाठवायला अजून जास्त वेळ लागे, म्हणून काही महिने आम्ही सीडी देतच राहिलो, पण त्या वर्षीच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ चित्रकाराने छपाईच्या आदल्या संध्याकाळी बदललं आणि ते रात्री नऊ वाजता परळला पोचलं. सकाळची गाडी धरायची म्हणून दुपारी चारला काम बंद करण्याची आमच्याकडची शिस्त त्या आठवड्यात संपली, आणि संपादक मंडळी रात्री अकरापर्यंत दुरुस्त्या सांगू लागली.